आत्मघाती वर्तनाचे सामाजिक आकलन : शब्दव्यवहाराच्या अंगाने

१. प्रश्नाचे स्वरूप

आत्महत्या ही मनुष्याच्या हातून घडणारी सर्वांत एकाकी कृती होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. जो ती करतो त्याच्यावरच ती घडते; दुसऱ्या कोणाचा तीत भाग दिसत नाही. साहजिकच तिचे कारण त्या व्यक्तीच्या अंतःकरणात, तिच्या आजारात किंवा क्षणिक आवेगात शोधावे, अशी आपली विचारसरणी होऊन बसली आहे. मनोविकारशास्त्राने या दिशेने केलेले संशोधन मोलाचे आहे, आणि खिन्नतेचा विकार किंवा मद्यासक्ती यांचा आत्मघाती वर्तनाशी असलेला निकटचा संबंध आज कोणीही नाकारीत नाही. परंतु व्याधी एकट्या माणसाला जडली, तरी तो माणूस एकटा नसतो. तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा ऋणको, कोणाचा विद्यार्थी असतो. ती कोणाची तरी सून, कोणाची आई असते. आणि त्यांचे दुःख ज्या शब्दांत प्रकट होते, ते शब्द बहुधा कोणाला तरी उद्देशून उच्चारलेले असतात.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली; दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण १२.४ पडते. त्यांपैकी २२,७४६ नोंदी एकट्या महाराष्ट्रातील असून ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. मृतांमध्ये १३,०४४ विद्यार्थी होते. हा शेवटचा आकडा अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या कोणालाही स्वस्थ बसू देणार नाही.

आत्मघाती वर्तन हे एका मनात घडत असले, तरी त्याचा अर्थ माणसामाणसांतील संबंधांत घडतो, आणि म्हणून ‘त्याने असे का केले?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तो कोणाशी काय बोलत होता, आणि त्यास कोणते उत्तर मिळाले?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. हा दुसरा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो, म्हणून त्याची चर्चा येथे शब्दव्यवहाराच्या अंगाने केली आहे.

२. ‘आत्महत्या करणे’ आणि ‘जीव देणे’

मराठीत या कृतीसाठी मुख्यतः दोन शब्दप्रयोग आहेत. ‘आत्महत्या करणे’ हा लेखनाचा, कायद्याचा व वृत्तपत्रांचा प्रयोग. ‘जीव देणे’ हा घरातला आणि गावातला. दोहोंचा वाच्यार्थ एकच असला, तरी त्यांची घडण भिन्न आहे, आणि त्या भिन्नतेत आपल्या विषयाचे बीज आहे.

‘आत्महत्या’ हा समास ‘ब्रह्महत्या’, ‘गोहत्या’, ‘भ्रूणहत्या’ या पातकवाचक शब्दांच्या पंक्तीत बसतो. इंग्रजीत या प्रसंगी येणारे ‘कमिट’ हे क्रियापद पाप आणि अपराध यांच्याशी जोडले जाते, म्हणून अलीकडे तेथील अभ्यासक ते टाळू लागले आहेत. मराठीत पातकाची छाया क्रियापदावर नसून नामातच आहे. क्रियापद बदलून ती पुसली जात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. ‘हत्या’ या क्रियेला दोन सहभागी लागतात : हत्या करणारा आणि जिची हत्या होते ती व्यक्ती. ‘आत्म’ हे पूर्वपद या दोघांना एक करते. ‘त्याने आत्महत्या केली’ एवढ्यावर वाक्य पुरे होते; त्यात तिसऱ्या कोणाला जागाच राहत नाही. एकांताची जी कल्पना आपण स्वयंसिद्ध मानतो, तिला या शब्दाच्या घडणीनेच बळ मिळते.

‘जीव देणे’ या प्रयोगाचे तसे नाही. ‘देणे’ हे क्रियापद स्वभावतः तीन सहभागी मागते : देणारा, दिली जाणारी वस्तू आणि घेणारा. ‘तिने जीव दिला’ या वाक्यात घेणाऱ्याची जागा मोकळी राहते, आणि ती मोकळी असल्याची जाणीव बोलणाऱ्यास असते. म्हणून तो लगेच शब्दयोगी अव्ययाचा आधार घेतो : ‘पोरांसाठी जीव दिला’, ‘जाचापायी जीव दिला’, ‘त्याच्यावाचून जीव दिला’. या तीन अव्ययांत तीन निरनिराळ्या कथा आहेत. ‘साठी’ने त्याग सूचित होतो, ‘वाचून’ने वियोग, आणि ‘पायी’ने आरोप होतो. ‘कर्जापायी’, ‘दारूपायी’, ‘हुंड्यापायी’ असे म्हणणारा केवळ कारण सांगत नाही. तो निवाडा देत असतो. मृत व्यक्तीविषयी गावात जे बोलले जाते, त्यात या अव्ययाची निवड कोण करतो आणि कोणाची निवड मान्य होते, हे पाहिले, तर त्या गावातील सत्तासंबंधांचा बराचसा उलगडा होतो. सासरचे लोक एक अव्यय वापरतात, माहेरचे दुसरे.

‘जीव’ या शब्दाचा मराठीतील एकंदर संसारही येथे पाहण्याजोगा आहे. आपण कोणावर जीव लावतो, कोणावर आपला जीव जडतो, कोणासाठी तो तुटतो, कोणासाठी आपण जीव टाकतो; कोणाची वाट पाहताना जीव टांगणीला लागतो, आणि सारे संबंध विटले की तो नकोसा होतो. या वाक्प्रचारांतील जीव देहात बंदिस्त नाही; तो माणसांच्या देवाणघेवाणीतील वस्तू आहे. वाक्प्रचारांवरून लोकांच्या मनोव्यापाराचा सिद्धांत उभारणे शास्त्रीय नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि दुःखिताला आपले दुःख सांगण्यासाठी आणि ऐकणाऱ्याला ते समजण्यासाठी भाषेने कोणती सामग्री तयार ठेवली आहे, एवढे त्यांवरून निश्चित कळते. आणि ती सामग्री संबंधांची आहे.

३. समाजशास्त्रातील विचार

आत्महत्येचा सामाजिक विचार शास्त्रीय पायावर आणण्याचे श्रेय फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या १८९७ सालच्या ग्रंथास दिले जाते. युरोपातील निरनिराळ्या समाजांतील आत्महत्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे बहुतांशी स्थिर राहते, आणि ते समाजासमाजांत भिन्न असते, हे त्यांच्या विवेचनाचे आरंभस्थान होते. समवयस्क विवाहितांपेक्षा अविवाहित व विधुर यांच्यात, आणि कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत हे प्रमाण अधिक आढळते. राष्ट्रावर युद्धासारखे संकट आले असता ते उतरते. व्यक्ती समूहाशी किती बांधलेली आहे आणि समूह तिच्या आकांक्षांचे कितपत नियमन करतो, या दोन अंगांनी त्यांनी चार प्रकार कल्पिले. बंध सैल झाल्याने घडणारा तो अहंकेंद्री, बंध अतिघट्ट असल्याने घडणारा तो परार्थवादी, नियमन ढासळल्याने घडणारा तो प्रमाणकशून्यतेतून येणारा, आणि नियमनाच्या जाचातून घडणारा तो दैववादी प्रकार होय. चौथ्या प्रकाराची दुर्खीम यांनी केवळ एका तळटीपेत बोळवण केली. त्या टीपेत उदाहरणे आली ती अत्यंत तरुण पतींची, अपत्यहीन विवाहित स्त्रियांची आणि गुलामांची.

भारतीय अभ्यासकाला ही तळटीप मूळ ग्रंथाइतकीच महत्त्वाची वाटावी, अशी परिस्थिती आहे. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१६ साली जगातील स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के भारतात घडल्या. २०२२ सालच्या राष्ट्रीय नोंदींत ४८,१७२ स्त्रिया असून त्यांपैकी २५,३०९ गृहिणी होत्या. गृहिणींची लोकसंख्याच मोठी असल्यामुळे केवळ या संख्येवरून जोखमीचे प्रमाण काढता येणार नाही. परंतु विवाह हे आत्मघातापासूनचे संरक्षण आहे, हा सिद्धांत आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, एवढे म्हणण्यास हरकत नाही. दुर्खीम यांच्या स्वतःच्या आकड्यांतही विवाहाचे संरक्षण पतीला अधिक आणि पत्नीला कमी मिळत असल्याचे दिसते. बंध असणे आणि आधार असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

परार्थवादी प्रकाराचे उदाहरण म्हणून दुर्खीम यांनी हिंदुस्थानातील सहगमनाचा निर्देश केला होता. येथेही मराठी शब्दप्रयोग विचारात घेण्यासारखा आहे. आपण ‘सती जाणे’ म्हणतो. ‘जाणे’ हे अकर्मक गतिवाचक क्रियापद आहे. जाणारी ती एकटीच. तिला पाठविणाऱ्यांना या वाक्यात स्थान नाही. १८२९ साली बंगाल इलाख्यात या प्रथेवर कायद्याने बंदी आली, तेव्हा तिला साहाय्य करणारेही अपराधी ठरले. भाषेने ज्यांना वगळले होते त्यांना कायद्याने पुन्हा वाक्यात आणले, असे म्हणता येईल.

दुर्खीम यांचे शिष्य मोरीस आल्ब्वाक्स यांनी १९३० साली या विवेचनात महत्त्वाची दुरुस्ती केली. धर्म, कुटुंब, व्यवसाय ही कारणे सुटी करून मोजता येत नाहीत, ती एकत्र मिळून जीवनाची एक रीत बनते. आणि व्यक्तीचा हेतू व समाजाचा दाब यांत दुर्खीम मानतात तसा विरोध नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९६७ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी सरकारी आकडेवारीवर विसंबण्यासच आक्षेप घेतला. एखादा मृत्यू ‘आत्महत्या’ म्हणून नोंदला जाणे ही स्वतःच एक सामाजिक घटना आहे. म्हणून संबंधित माणसे त्या प्रसंगाला कोणता अर्थ देतात, तेथून अभ्यासाला आरंभ केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अर्थाचा हा व्यवहार किती प्रत्यक्ष असू शकतो, याचे एक उदाहरण मानवशास्त्रात प्रसिद्ध आहे. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की यांनी १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात ट्रोब्रिअंड बेटांवरील एका तरुणाची हकीकत दिली आहे. कुळाबाहेर विवाह करण्याचा नियम मोडून त्याने मावसबहिणीशी संबंध ठेवला होता. गावाला ही गोष्ट ठाऊक होती आणि लोक ती नापसंतही करीत. पण कोणी काही केले नाही. त्या मुलीच्या निराश झालेल्या प्रियकराने मात्र एके दिवशी चारचौघांत त्याच्यावर उघड आरोप केला. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने गावाला उद्देशून आपले म्हणणे मांडले, आरोप करणाऱ्याला दोष दिला आणि मग प्राणत्याग केला. नियमभंग जुनाच होता. नवे घडले ते केवळ शब्दांचे उच्चारण. ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही’ असे आपण मराठीत म्हणतो, त्यातील तोंड आणि जागा ही दोन्ही इतरांच्या दृष्टीत असतात. अब्रू ही एकट्याने बाळगण्याची वस्तूच नव्हे.

४. नोंदीचा रकाना

आता शासकीय नोंदींकडे वळू. २०२२ सालच्या राष्ट्रीय अहवालात कारणांच्या यादीत विवाहविषयक बाबी वगळता ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण ३१.७ टक्के मृत्यूंपुढे लिहिले आहे. त्याखालोखाल ‘आजार’ १८.४ टक्क्यांपुढे. वरवर पाहता ही यादी आत्महत्येचा नातेसंबंधांशी असलेला संबंध सिद्ध करते, असे वाटेल. वस्तुतः ती तो संबंध झाकते. ‘कौटुंबिक समस्या’ या दोन शब्दांत कोणाची कोणाशी समस्या, ती कोणाच्या दृष्टीने समस्या, आणि मृत व्यक्तीचा त्यात आवाज किती, यांपैकी काहीच उरत नाही. नोंद घेणारा अधिकारी जे ऐकतो ते हयात असलेल्यांकडून ऐकतो, आणि एका रकान्यात एकच कारण लिहितो. अधिकाऱ्यांनी नोंदलेले हेतू म्हणजे त्यांची मतेच होत, हा इशारा दुर्खीम यांनीही देऊन ठेवला होता.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय या दृष्टीने फार बोलका आहे. मृताच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आणि त्यासाठी निकष ठरविले : जमीन नावावर असणे, कर्ज थकीत असणे, वसुलीचा तगादा असणे. या निकषांवरून प्रकरणे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागली जातात. साहाय्याला निकष लागतात, हे खरे. पण या विशेषणांनी काय घडते ते पाहावे. जिने आयुष्यभर शेतात राबून काढले, पण जिच्या नावे सातबारा नाही, अशी स्त्री शेतकरी म्हणून मोजली जाणे अवघड होते. कर्ज ज्या नात्यांसाठी काढले, ज्या सावकाराच्या किंवा सोयऱ्याच्या शब्दाखातर घेतले, ती नाती कागदावर येत नाहीत. येते ती थकबाकीची रक्कम. ऋण हा मुळात दोन माणसांमधला संबंध आहे. रकान्यात तो एका माणसाचा गुणधर्म बनतो : ‘कर्जबाजारी’.

कायद्याची दृष्टीही दीर्घकाळ अशीच द्विधा राहिली. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ने आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध ठरविला, आणि कलम ३०६ने आत्महत्येस प्रवृत्त करणे हाही. म्हणजे कायद्याला एक तर एकटा अपराधी दिसे, नाही तर त्याला प्रवृत्त करणारा दुसरा अपराधी. या दोघांच्या मधली माणसे त्याच्या भाषेत नव्हती. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर तीव्र ताण असल्याचे, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, गृहीत धरावे, तिला शिक्षा न करता शासनाने तिची काळजी घ्यावी, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेतून जुने कलम ३०९ वगळण्यात आले; लोकसेवकावर दबाव आणण्याच्या हेतूने केलेला प्रयत्न तेवढा अपराध राहिला. प्रवृत्त करण्याचा अपराध मात्र कायम आहे. अपराध्याऐवजी ताणाखालील माणूस, हा शब्दबदल लहान नव्हे. त्या माणसाला लागणारी साथ मात्र केवळ कायद्याच्या शब्दाने मिळत नाही.

५. ‘भुईला भार’

अलीकडच्या मानसशास्त्रातही हा विचार संबंधांकडे वळला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार मरणाची इच्छा दोन जाणिवांच्या संयोगातून बळावते. ‘मी कोणाचाच नाही’ ही एक. ‘मी सर्वांना ओझे झालो आहे’ ही दुसरी. इच्छा कृतीत उतरण्यासाठी भय ओसरण्याचे आणखी एक अंग लागते. परंतु इच्छेची ही दोन्ही मुळे, म्हणजे आपलेपणाचा अभाव आणि भारभूतपणाची जाणीव, नात्यांच्या क्षेत्रातील आहेत. दुसरीविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : ती जाणीव आहे, वस्तुस्थिती असेलच असे नाही. घरच्यांना त्या माणसाचा भार वाटत नसतानाही त्यास तसे वाटू शकते. आणि आपल्या जाण्याने इतरांची सुटका होईल, असा भयंकर हिशेब तो मांडू लागतो.

मराठी भाषेने या हिशेबाची वाक्ये फार पूर्वीपासून तयार ठेवली आहेत. ‘खायला काळ आणि भुईला भार’ ही म्हण वृद्धाला, आजाऱ्याला, बेकार तरुणाला उद्देशून सहज फेकली जाते; फेकणारा ती विसरतो, झेलणारा विसरत नाही. ‘असून अडचण, नसून खोळंबा’ ही दुसरी म्हण अधिक सूक्ष्म आहे. माणसाचे असणे अडचणीचे होते, तसे त्याचे नसणेही अडते, असे ती एका दमात सांगते. निराशेने घेरलेल्या माणसाच्या मनात या म्हणीचा पूर्वार्धच तेवढा उरतो. त्यास उत्तरार्ध ऐकवावयाचा, म्हणजे त्याच्या नसण्याने काय अडेल, कोणाचे अडेल, हे त्याला पटेल अशा शब्दांत सांगावयाचे, हे काम जवळच्या माणसांचे आहे. अशा वेळी उपदेश उपयोगी पडत नाही. ‘पोरांकडे बघ’ असे दटावणे तर त्याच्या हिशेबात आणखी एक ओझे घालते.

६. उक्ती आणि तिचा श्रोता

आत्मघाती माणूस आधी बोलतो का? ‘गर्जेल तो पडेल काय’ या म्हणीचा दाखला देऊन, बोलणारा तसे करीत नाही, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. ही समजूत चुकीची असून घातक आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथे ईलाय रॉबिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी लागोपाठच्या १३४ आत्महत्यांचा अभ्यास करून १९५९ साली तो प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक व्यक्तींनी आपला विचार आधी कोणाला तरी, बहुधा एकाहून अधिक प्रकारे, सांगितला होता, असे त्यांना आढळले. म्हणजे उक्ती होती. ती श्रोत्यापर्यंत पोचूनही तिचा अर्थ पोचला नव्हता.

असे का व्हावे, याचे उत्तर अर्थविचारात मिळते. आपल्या साहित्यशास्त्राने अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती मानल्या, जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून उक्ती ही एक कृती असते, हा विचार भाषाविज्ञानात रुजला. दोन्हींचा निष्कर्ष असा की, वाक्याचा व्यवहारातील अर्थ श्रोत्याच्या ग्रहणावाचून पुरा होत नाही. ‘आता तुम्हांला माझा त्रास व्हायचा नाही’, ‘एकदाची सगळी सुटाल’, ‘मी काही फार दिवसांची सोबतीण नाही’ अशा प्रकारची वाक्ये घराघरांतून ऐकू येतात. व्याकरणदृष्ट्या ती केवळ विधाने आहेत. श्रोता त्यांना रुसवा समजू शकतो, धमकी समजू शकतो, किंवा साद समजू शकतो. मराठी घरात, विशेषतः बोलणारी स्त्री असेल तर, त्यांचे वर्गीकरण एका शब्दात होते : ‘नाटक’. हा शब्द बोलणाऱ्याच्या मनाविषयी काहीही सांगत नाही. ऐकणाऱ्याने उत्तर द्यावयाचे नाकारले आहे, एवढेच तो सांगतो.

अर्विन स्टेंगेल आणि नॅन्सी कुक यांनी १९५८ साली आत्महत्येच्या प्रयत्नांविषयी जे विवेचन केले, त्यात सादेचा हाच मुद्दा मध्यवर्ती होता. अशा प्रयत्नांत मरणाच्या इच्छेबरोबरच भोवतालच्या माणसांना घातलेली सादही असते. ती जाणीवपूर्वक असतेच असे नाही, आणि ती असल्यामुळे धोका लटका ठरत नाही. साद आणि धोका एकाच कृतीत नांदतात. म्हणून ‘खरोखर मरायचे होते की नुसते घाबरवायचे होते?’ हा नेहमीचा प्रश्नच चुकीचा आहे.

बोलण्याचे स्वरूपही काही सांगते. एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फारबेरो यांनी १९५७ साली मृतांची ३३ खरी पत्रे आणि तुलनेसाठी इतरांकडून लिहवून घेतलेली ३३ कल्पित पत्रे प्रसिद्ध केली. चार्ल्स ऑस्गुड आणि एव्हलिन वॉकर यांनी १९५९ साली अशा पत्रांची भाषा तपासली. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘कोणीच’ यांसारखे सर्वव्यापी शब्द, ठरीव शब्दरचना आणि वाचणाऱ्याकडे केलेल्या मागण्या ही खऱ्या पत्रांत अधिक आढळली. आणि एकाच व्यक्तीविषयी प्रेम व राग यांची सरमिसळही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही चिंता व खिन्नता यांनी ग्रस्त व्यक्तींच्या लेखनात असे निरपवाद शब्द अधिक, आणि आत्मघाताचे विचार येणाऱ्यांच्या लेखनात त्याहूनही अधिक आढळले. मागण्यांचा मुद्दा आपल्या विषयाशी विशेष निगडित आहे. जो जग सोडून निघाला आहे तोही कोणाला काही करावयास सांगतो, क्षमा मागतो, दोष देतो. म्हणजे संबंध तोडतानाही तो संबंधातच बोलतो. शब्दांची यादी हाती घेऊन एखाद्याचे भविष्य वर्तविता येईल, असा मात्र याचा अर्थ नव्हे. समूहांच्या तुलनेत दिसणारा कल व्यक्तीच्या निदानाला पुरत नाही.

७. उत्तर

संबंधांचा विचार मान्य केला की, एक आडवाट समोर येते. एकांताची कल्पना सोडली म्हणजे लगेच दोषी कोण, हे शोधण्याकडे मन धावते. मागे राहिलेल्या आईबापांना, जोडीदाराला, शिक्षकाला हा शोध जन्मभर छळतो. जाच, हिंसा किंवा छळ जेथे झाला तेथे न्याय झालाच पाहिजे. परंतु संबंध हे कारण असणे आणि संबंधित माणूस अपराधी असणे यांत अंतर आहे. एका माणसाशी दहा जणांचे दहा धागे असतात. एकाच धाग्यावर सारा भार टाकणारे स्पष्टीकरण रकान्यातल्या एका शब्दाइतकेच अपुरे असते.

संबंधांचे महत्त्व दाखविणारा अधिक उपयुक्त पुरावा उलट बाजूने मिळतो. सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९६९ पासून एक प्रयोग केला. खिन्नता किंवा आत्मघाती अवस्था यांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्यांपैकी ८४३ जणांनी पुढील उपचार नाकारले वा सोडले होते. त्यांचे यदृच्छया दोन गट करून एका गटाला पाच वर्षे अधूनमधून लहानशी पत्रे पाठविली. पत्रात उपदेश नसे, उपचाराचा आग्रह नसे, काही मागणी नसे. ‘आपली आठवण आहे, आपले बरे चालले असावे’, एवढाच आशय असे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांना पत्रे गेली त्यांच्यात आत्महत्यांचे प्रमाण कमी होते, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक विशेष स्पष्ट होता. पुढे निरनिराळ्या देशांत झालेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष सर्वत्र इतके अनुकूल आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तरी मूळ प्रयोगाचा अर्थ महत्त्वाचा आहे. मरणोन्मुख माणसाच्या पत्रांत मागण्या अधिक असतात, हे वर आले. ही पत्रे नेमकी बिनमागणीची होती. ‘आपण कोणाच्या तरी लक्षात आहोत’ एवढीच माहिती त्यांतून मिळत असे.

यावरून विद्यापीठातील आपल्या कामासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली संशोधनाची. या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी कारणांचे रकाने भरण्यापूर्वी उक्तींची नोंद घ्यावी : कोण, कोणास, कोणत्या शब्दांत बोलले, श्रोत्याने ते काय समजून घेतले आणि काय उत्तर दिले. हयात नातेवाइकांची कथने ही घटनेची प्रतिबिंबे नसून घटनेनंतरची अर्थरचना आहे, हे भान ठेवावे. आणि मृतांची पत्रे किंवा कृतीचे तपशील प्रसिद्ध करून शोकाकुल कुटुंबांना आणि विमनस्क वाचकांना इजा पोचवू नये.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. मरणाचा विषय काढल्याने तो विचार मनात रुजतो, या भीतीने आपण गप्प राहतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत या भीतीला आधार आढळला नाही. उलट विचारल्याने त्रास कमी होण्याचाच संभव दिसला. म्हणून एखादा विद्यार्थी वर्गात येईनासा झाला, ‘माझे सगळेच संपले’ असे बोलू लागला, तर त्याला बाजूला घेऊन साध्या मराठीत विचारावे, ‘जीव नकोसा झालाय का? मरून जावेसे वाटते का?’ उत्तर होकारार्थी आले, तर दचकून उपदेश करू नये. ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये, त्याच्या विश्वासातल्या माणसाला आणि तज्ज्ञाला त्यात आणावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. ती जशी दुःखितासाठी आहे, तशीच त्याची काळजी वाहणाऱ्यासाठीही आहे.

‘जीव देणे’ या प्रयोगात घेणाऱ्याची जागा मोकळी असते, असे आरंभी म्हटले. आत्मघाताच्या विचारांनी वेढलेला माणूस बोलतो तेव्हा तशीच एक मोकळी जागा त्याच्या वाक्यात ऐकणाऱ्यासाठी असते. ती भरण्यासाठी भाषाशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. त्याने उच्चारलेले वाक्य आपल्याला उद्देशून आहे, असे मानून त्याला उत्तर देणे एवढेच तिथे अपेक्षित असते.